नंबर तीनची लाईन

आमच्या गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर उद्या सकाळी दोन-चार हौशी लोक टेपरेकॉर्डर घेऊन दारात उभे राहतील आणि त्यांचा चहा मलाच करावा लागेल. धरणगावहून चोपड्याकडे निघालं की वाटेत एक फाटा लागतो. तिथे एस.टी.तून उतरायचं आणि आत चालत यायचं. एवढं पुरे.

मी इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. आमचे हे, म्हणजे रतिलाल, धुळ्याला मोटारपंपांच्या दुकानात. शनिवारी संध्याकाळी घरी यायचं आणि सोमवारी पहाटे जायचं, असं ठरलेलं. ठरलेलं म्हणजे मी ठरवलेलं. एखाद्या शनिवारी माल यायचा असतो, एखाद्या वेळी मालकाच्या मेहुण्याचा साखरपुडा निघतो, आणि मी इकडे भाकऱ्या झाकून ओट्यावर बसलेली. रविवारी दुपारी हे हसत हसत उगवणार आणि म्हणणार, "अगं, कळवणार कसं?" एकदा तर दोन शनिवार पत्ता नव्हता आणि मी रडकुंडीला येऊन धुळ्याची गाडी पकडली. हे दुकानात बसून मजेत शेवभाजी खात होते.

म्हणून मला फोन हवा होता. माझा नवरा घरी येतोय की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं. बाकी जगाशी बोलायची मला हौस नव्हती.

अर्ज केला तेव्हा पाचवीत असलेली पोरं दहावी होऊन गेली, तेव्हा कुठे अठ्ठ्याऐंशी साली आमचा नंबर लागला. खांब आले, तार आली, चिंधा लाईनमनने ती आमच्या खिडकीतून आत घेतली आणि म्हणाला, यंत्र शिल्लक नाही. कधी येईल? सांगता येत नाही. म्हणजे मांडव घातला, बँड वाजला आणि नवरदेवच आला नाही. मी पोस्टात भांडले, तालुक्याला जाऊन भांडले. तिथला माणूस इतक्या गोड आवाजात "होऊन जाईल बाई" म्हणाला की घरी आल्यावर माझं डोकं दुखायला लागलं.

शेवटी ह्यांनीच धुळ्याच्या रुपचंद भंगारवाल्याकडून एक यंत्र उचलून आणलं. सागवानी पेटी, बाजूला फिरवायचा दांडा, काळा जड रिसीव्हर आणि पुढे पितळी बिल्ला. बिल्ल्यावर आकडा, तीन. आमच्या गावचं एक्स्चेंज तेव्हा पोस्टाच्या मागच्या खोलीत होतं आणि तेही दांड्याचंच होतं. आपण दांडा फिरवायचा, तिकडे जीवराम ऑपरेटर "बोला" म्हणणार आणि हाताने दोरी खोचून जोडून देणार. त्यामुळे यंत्र चालायला काही अडचण नव्हती.

चिंधा मात्र ते बघून मागे सरला. "बाई, हाई आपलं यंत्र नही. दुसरानं यंत्र आपली लाईनवर चालस नही."

"का चालत नाही? तारेला काय कळतं यंत्र कोणाचं आहे ते?"

"तारले नही समजस," चिंधा म्हणाला, "पन यंत्रले समजस."

नववीच्या वर्गात कुणी असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. मी त्याला चहा दिला, चिवडा दिला, आणि वीज म्हणजे काय ते थोडक्यात समजावून सांगितलं. कुठल्याही घागरीत पाणी भरता येतं, म्हटलं. त्याने मुकाट्याने तार जोडली आणि चिवड्याला हात न लावता गेला.

पहिला आठवडा छान गेला. शुक्रवारी ह्यांचा फोन आला, "येतोय." शनिवारी हे आले. मी वांग्याचं भरीत केलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा भाकरी गरम असताना नवरा समोर होता. मला खरंच आनंद झाला.

पुढच्या आठवड्यात घंटी वाजली ती निराळीच. जीवराम रिंग द्यायचा ती एकसारखी, दम न खाता. ही दोनदा लांब आणि एकदा तोकडी. उचलला.

"नंबर तीन?" एका पुरुषाचा आवाज. सभ्य, जरा थकलेला.

"कोण पाहिजे?"

"लाईन क्लिअर मिळेल का?"

"राँग नंबर," म्हणून मी ठेवला. जीवरामला लावून विचारलं, आत्ता कुणाला जोडलंस? तो म्हणाला, कुणालाच नाही, बाई, मी डबा खात होतो.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन पदर खोचते तोच तेच. "नंबर तीन? लाईन क्लिअर मिळेल का?" तिसऱ्या दिवशीही. मी त्या माणसाला नीट सांगून पाहिलं की हे घर आहे, ऑफिस नाही, स्टेशन नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं. थांबतो." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. क्रॉस कनेक्शन असणार, दुसरं काय! दोन तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्या असणार. मी चिंधाला बोलावलं. तो खांबावर चढला, उतरला, तार कुठेच चिकटलेली नाही म्हणाला आणि यंत्राकडे न बघता निघून गेला. मी जीवरामच्या साहेबांना पत्र लिहिलं. साहेबांनी उलट मलाच विचारलं की आपल्याकडे खात्याचं यंत्र पोचल्याची नोंद दिसत नाही, तर आपण बोलता कशावरून? मी ते पत्र चुलीत घातलं.

शेजारच्या भिकुअक्का विरजण मागायला आल्या होत्या. वय झालेलं, पण डोळे तेज. पेटी दिसली तशा दारातच थांबल्या.

"हाई त जिननी गाडीना फोन शे," त्या म्हणाल्या. "मना बाप ह्यावरच बोले."

जिनाची गाडी मला ऐकून माहीत होती. फार पूर्वी कापसातली सरकी काढायचं जिन चालवणाऱ्या एका कंपनीने आपली स्वतःची छोटी रेल्वेलाईन टाकली होती. कापसाच्या गाठी वाहायच्या, आणि मागच्या डब्यांतून माणसंही बसायची. कंपनी बुडाली, रूळ लोकांनी उपटून नेले. उरला तो मातीचा भराव. फाट्यापासून सरळ येतो, आमच्या परसामागून जातो आणि पुढे पाटलांच्या विहिरीपाशी संपतो. फाट्यावर उतरलेला प्रत्येक जण त्यावरूनच चालत येतो, कारण काळ्या मातीच्या चिखलापेक्षा तो बरा. हेही तसेच येत.

"काय मांगस तो?" अक्कांनी विचारलं.

"लाईन क्लिअर मागतो. रोज. वैताग आणलाय मेल्याने."

लाईन क्लिअर म्हणजे गाडी सोडायला पुढच्या स्टेशनाने दिलेली परवानगी, हे अक्कांना बापामुळे ठाऊक होतं. "देऊ नको, बेटा. एकदाव दिधी का मंग परत लेता येस नही. गाडी पोचस तवलोंग लाईन त्यासनी." मग त्यांनी विरजणाची वाटी उचलली आणि दूध किती कोमट हवं ते विचारून गेल्या. ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

मी हसले. मग मात्र फोन आला की नीट कान देऊन ऐकू लागले. विज्ञानाची बाई, निरीक्षण करायची खोड. आवाजाच्या मागे आधी काहीच नव्हतं, नुसती विहिरीत असते तशी पोकळी. पुढच्या आठवड्यात मागे कुणीतरी खोकलं. मग एक लहान मूल किरकिरताना ऐकू आलं आणि बाई त्याला थोपटत होती. नंतर पत्र्याच्या ट्रंका सरकवल्याचे आवाज, बांगड्या, बिडी पेटवताना काडी ओढल्याचा आवाज. दर वेळी माणसं वाढत होती. कुणी कुणाशी बोलत मात्र नव्हतं.

"माणसं खोळंबली आहेत, बाई," तो एकदा म्हणाला. तक्रार म्हणून नाही. सहज.

"मग त्यांना एस.टी.ने पाठवा!" मी म्हटलं आणि रिसीव्हर आपटला.

मला भीती वाटत नव्हती. राग येत होता. इतकी वर्षं वाट पाहून मिळालेला फोन, आणि तो ह्या माणसाने अडवून ठेवलेला. ह्यांचा फोन लागेना. जीवराम म्हणे, तुमची लाईन सारखी लागलेलीच दिसते. दोन शनिवार पुन्हा पूर्वीसारखेच गेले. एकदा हे आलेच नाहीत, एकदा अंधार पडल्यावर आले आणि जेवायच्या आधीच झोपले.

तो शनिवार सहामाहीच्या पेपरांचा होता. दुपारी टेबलावर गठ्ठा, चुलीवर दूध, दारात पिठाच्या गिरणीचा माणूस दळण घेऊन जा म्हणून ओरडतोय. ह्यांना मी जीवरामकरवी धुळ्याला निरोप दिला होता की काही झालं तरी आज दुपारी फोन करा. कारण ह्यांच्या छातीत आठवडाभर दुखत होतं, ते मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं होतं. डॉक्टरकडे गेले की नाही, निघाले की नाही, काही कळत नव्हतं. मी पेपर तपासत होते आणि एकही उत्तर डोक्यात शिरत नव्हतं.

घंटी. दोन लांब, एक तोकडी. "लाईन क्लिअर मिळेल का?" ठेवला. बसते तोच घंटी. ठेवला. पुन्हा. मधेच एकदा एकसारखी रिंग आली असं वाटलं, धावले, तर तोच. "बाई, फार वेळ झाला." दूध उतू गेलं. जळक्या दुधाचा वास घरभर. पुन्हा घंटी.

"नंबर तीन? लाईन—"

"दिली!" मी किंचाळले. "दिली लाईन! घ्या! पण आता हा फोन मोकळा करा!"

पलीकडे सगळं एकदम थांबलं. मूल थांबलं, बांगड्या थांबल्या.

"आभारी आहे," तो म्हणाला. मग लांबवर शिट्टी ऐकू आली. फोनमधून. निदान मला तरी फोनमधूनच वाटली.

फोन मोकळा झाला खरा. मी जीवरामला लावून धुळ्याचं दुकान मागितलं, तर लगेच मिळालं. हे कधीच निघाले होते. म्हणजे सूर्य मावळायच्या बेतात फाट्यावर येणार आणि भरावावरून चालत येणार. मी दूध पुसलं. पुसता पुसता अक्कांचं बोलणं आठवलं आणि हात थांबला.

मूर्खपणा आहे, मी स्वतःला मोठ्याने सांगितलं. तरी परसात गेले. कुंपणापलीकडे भराव दिसत होता. त्यावर बाभळी, शेळ्यांच्या लेंड्या, मधोमध पायवाट. शेळ्या मात्र भरावावर नव्हत्या. सगळ्या खाली उतरून एका बाजूला उभ्या होत्या आणि फाट्याच्या दिशेने बघत होत्या.

मी आत येऊन दांडा फिरवला. जीवराम येण्याऐवजी तोच आला.

"लाईन परत घेते," मी म्हटलं. "माझा माणूस त्या वाटेने चालत यायचाय. ऐकताय ना? लाईन परत घेते!"

"गाडी सुटली, बाई." आवाजात पहिल्यांदाच थकवा नव्हता. "काळजी करू नका. चालावं लागणार नाही त्यांना."

मी चपला शोधत होते तोवर मागचं दार वाजलं.

हे उभे होते. हसत. सूर्य अजून वर होता. धुळ्याची एस.टी. फाट्याला यायला अजून बराच अवकाश होता. मी ह्यांचे बूट पाहिले. काळे कुळकुळीत, धुळीचा कण नाही.

"चालत नाही आलो आज," हे पिशवी खुंटीला लावत म्हणाले. "गाडी मिळाली."

"कुठली गाडी?"

"अगं, आपली. थेट परसामागे उतरवलं. छातीत दुखायला लागलं होतं एस.टी.त, म्हणून वाटेतच उतरलो. बघतो तर समोर उभी. गार्ड म्हणाला, बसा, बाईंनी लाईन दिलीय."

"आत कोण होतं?"

"भरलेली होती. सगळ्यांनी सरकून जागा दिली. फार चांगली माणसं. कुणी उगाच बोलत नाही."

"ते कुठे उतरले?"

"ते पुढे गेले."

"पुढे कुठे? भराव पाटलांच्या विहिरीपाशी संपतो!"

"कुठे संपतो?" हे जरा चिडूनच म्हणाले. "काहीतरीच बोलतेस."

मी ह्यांचा हात धरला. गरम होता. नाडी पाहिली, लागत होती. मी तेवढ्यावर देवाचे आभार मानले आणि पानं वाढली. ह्यांनी घास हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि ताटात ठेवला. भूक नाही म्हणाले.

घंटी वाजली.

"नंबर तीन? गाडी परत निघते आहे. लाईन क्लिअर मिळेल का?"

"नाही," मी म्हटलं.

"आपला एक प्रवासी तिथे उतरला आहे. परतीचा आहे."

"नाही म्हटलं ना!"

"बरं. थांबतो."

मी वळले. हे खुर्चीवर बसले होते. पायात बूट, पिशवी मांडीवर. मागच्या दाराकडे तोंड करून.

"मिळाली का लाईन?" ह्यांनी विचारलं.

ह्याला आता वर्ष होत आलं. हे सोमवारी धुळ्याला गेले नाहीत, नंतरही नाहीत. एस.टी.त बसवलं तर लगेच खाली उतरतात. जळगावच्या डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं, प्रकृती उत्तम. वजन घटत नाही, वाढत नाही. नखं कापावी लागत नाहीत. दुपार कलली की हे खुर्ची मागच्या दाराकडे वळवतात. मी फोन घेते आणि नाही म्हणते. इतकी वर्षं हा माणूस वेळेवर घरी यावा म्हणून जीव टाकला, आता घरातून हलू नये म्हणून टाकते आहे. चीड येते, आणि ती कुणावर काढायची तेही कळत नाही.

दिवाळीनंतर चिंधा खात्याचं नवं यंत्र घेऊन आला. मी आनंदाने जुनं काढायला लावलं. त्या दिवशी घंटी वाजली नाही. तिसऱ्या प्रहरी परसातल्या कुंपणापाशी एक माणूस येऊन उभा राहिला. डोक्याला टोपी, काखेत गुंडाळलेलं हिरवं निशाण. तो आत आला नाही, हाक मारली नाही. नुसता उत्तराची वाट पाहत उभा होता, आणि हे पिशवी उचलून त्याच्याकडे निघाले होते. मी ह्यांना मागे ओढून दाराला कडी घातली आणि चिंधाच्या घरी पळत गेले. त्याने लगेच येऊन जुनं यंत्र पुन्हा जोडलं, मग मी रिसीव्हर उचलून नाही म्हटलं. कुंपणापाशी कुणी नव्हतं.

म्हणून शाळा सुटली की मी कुठे थांबत नाही. भाजी घेत नाही, शाळेतल्या सुंदरबाईंच्या घरी हळदीकुंकवाला जात नाही. घंटी वाजायच्या आत घरी पोचते.

आज बोर्डाचे साहेब शाळेत आले. त्यांचं भाषण संपेना. मी दोनदा उठले, दोनदा हेडमास्तरांनी डोळ्यांनी बसवलं. घरी पोचले तेव्हा ऊन भिंतीवरून उतरून गेलं होतं.

हे खुर्चीवर होते. शेजारी दुसरी खुर्ची आणून ठेवलेली. तिच्यावर माझी कापडी पिशवी, नीट भरलेली. वर माझी शाल घडी करून.

"फोन आला होता?"

"हो."

"काय सांगितलंत?"

"तुला विचारल्याशिवाय मी काय सांगणार? एवढंच सांगितलं, की दोघं आहोत."

ह्यांनी पिशवी उचलून खाली ठेवली आणि खुर्चीवरून हात फिरवला, धूळ झटकतात तसा.

"बस," हे म्हणाले. "खिडकीची जागा तुला ठेवायला सांगितलीय."